बाकी काढणारा पास आणि त्याची रांगेतली जागा

कंपायलरमध्ये स्वतःचा पास, म्हणजे प्रोग्रॅमवर एकच ठरावीक काम करणारा टप्पा, घालायचा म्हटले की आपण लगेच त्या पासच्या पोटात शिरतो. कोणती सूचना शोधायची, तिच्या जागी कोणती बसवायची, आजूबाजूला काय तपासायचे याचा विचार सुरू होतो आणि दोन-तीन दिवसांत काहीतरी चालू लागते. गेले वर्षभर एका लहानशा पासवर काम केल्यावर मला ठामपणे वाटते की हा भाग त्यातल्या त्यात सोपा आहे. खरे कष्ट दोन गोष्टींत आहेत: ऑप्टिमायझेशनच्या, म्हणजे कोड वेगवान किंवा लहान करणाऱ्या पासच्या, लांबलचक रांगेत आपला पास नेमका कोठे उभा करायचा, आणि तेथे आपण काय बदलले हे पुढच्या पासना खरेखुरे कसे कळवायचे. हा लेख त्या दोन गोष्टींविषयी आहे. उदाहरण एलएलव्हीएम या कंपायलर-संचाचे घेतले आहे, कारण माझे रोजचे काम त्यातच चालते.

आमच्या गटाकडे सी भाषेत लिहिलेली एक लायब्ररी आहे. दूरवरच्या संवेदकांकडून येणाऱ्या नोंदी ती खान्यांमध्ये वाटते. प्रत्येक नोंदीवरून ३२ बिटांची एक हॅश संख्या काढायची, तिला खान्यांच्या संख्येने भागायचे आणि उरलेली बाकी हा त्या नोंदीचा खाना, असा सरळ हिशेब आहे. खान्यांची संख्या प्रोग्रॅम सुरू होताना ठरते, त्यामुळे कंपायलरला ती आधी ठाऊक नसते आणि तो प्रत्येक नोंदीसाठी खराखुरा भागाकार करणारी सूचना काढतो. आमच्या यंत्रावर मात्र ही संख्या नेहमी दोनचा घात असते: १०२४, ४०९६, क्वचित ६५५३६. भाजक दोनचा घात असला की बाकीसाठी भागाकार करावाच लागत नाही. भाजकातून एक वजा करायचा आणि जे येईल त्याचा भाज्याशी बिटवार 'अँड' करायचा. ४१०० ला ४०९६ ने भागले तर ४ उरतात, आणि ४१०० व ४०९५ यांचा अँडही ४ च येतो. इंटेलच्या स्कायलेक पिढीच्या प्रोसेसरवर ३२ बिटांच्या भागाकाराला सुमारे २६ सायकल लागतात, अँडला एक सायकल पुरते. त्यापुढच्या पिढ्यांमध्ये भागाकार बराच स्वस्त झाला आहे, तरीही अँडच्या जवळपास तो पोहोचलेला नाही.

मग मूळ कोडमध्येच अँड का लिहिला नाही, हा प्रश्न रास्त आहे आणि मीही तो सर्वांत आधी विचारला होता. तोच कोड दुसऱ्या एका उपकरणासाठीही बांधला जातो आणि तेथे खान्यांची संख्या दोनचा घात नसते. शिवाय बाकी काढणाऱ्या ओळी शंभरेक ठिकाणी विखुरलेल्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच मॅक्रोंच्या आत आहेत, आणि त्या कोडची मालकी आमच्याकडे नाही. ज्या बांधणीत ही खात्री देता येते त्याच बांधणीत ती कंपायलरच्या कानावर घालायची आणि बाकीच्या ठिकाणी काहीही हलवायचे नाही, यासाठी प्लगिन, म्हणजे कंपायलरला बाहेरून जोडायचा तुकडा, हा मला सर्वांत स्वच्छ मार्ग वाटला.

एलएलव्हीएमची सुरुवात २००० साली इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन येथील आवारात ख्रिस लॅटनर आणि त्यांचे मार्गदर्शक विक्रम आडवे यांनी केली. आडवे हे मुंबईच्या आयआयटीचे विद्यार्थी. २०१२ चा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार या दोघांना इव्हान चेंग यांच्यासह मिळाला. या रचनेचा गाभा असा की भाषा कोणतीही असो, तिचे आधी आयआर या मधल्या रूपात रूपांतर करायचे, आणि त्या रूपावर एकेक काम करणारे स्वतंत्र पास ओळीने चालवायचे. प्रत्येक पास आयआर घेतो आणि आयआरच परत देतो. त्यामुळे रांगेत नवा पास घालता येतो, जुना काढता येतो, क्रम बदलता येतो. आणि क्रम बदलला की निकाल बदलतो.

पास लिहिण्याआधी हाताशी असलेल्या सोयी तपासून पाहाव्यात, असे माझे मत आहे, आणि मी तसे केलेही. क्लँगला, म्हणजे एलएलव्हीएमच्या सी कंपायलरला, 'प्रिंट-पाइपलाइन-पासेस' हा अंतर्गत पर्याय दिला की ओ-२ या ऑप्टिमायझेशन-पातळीची संपूर्ण रांग एका लांब ओळीत छापली जाते. ती एकदा शांतपणे वाचावी. तिच्यातले कंस महत्त्वाचे असतात, कारण पास चार पातळ्यांवर चालतात: संपूर्ण मॉड्यूल, एकमेकांना बोलावणाऱ्या फंक्शनांचे गट, एकेक फंक्शन आणि एकेक लूप. फंक्शनच्या कंसात लूपचा कंस, गटाच्या कंसात फंक्शनचा कंस, अशी ती उतरंड रचलेली असते. गटांच्या कंसात एका फंक्शनमध्ये इनलायनिंग झाले, म्हणजे त्याने बोलावलेल्या फंक्शनांचा कोड त्याच्याच आत आणला, की त्याच फंक्शनवर लगेच साफसफाईचे पास चालतात आणि मगच त्याला बोलावणाऱ्या फंक्शनकडे वळले जाते. म्हणजे इनलायनर एखाद्या फंक्शनचे आकारमान मोजतो तेव्हा ते फंक्शन आधीच घासूनपुसून लहान झालेले असते. हे समजल्यावर त्या कंसांकडे बघण्याची माझी नजर बदलली.

ही ओळ कॉपी करून 'ऑप्ट' या साधनाला तशीच देता येते, आणि हवी तेथे बदलून देता येते. केवळ 'फंक्शन(एसआरओए, अर्ली-सीएसई, इन्स्टकंबाइन)' एवढेच लिहिले तर तेवढेच तीन पास चालतात. इनलायनरची मर्यादाही, म्हणजे किती मोठे फंक्शन आत घ्यायचे हा आकडा, बदलून पाहता येते. ओ-२ ला ती २२५ असते, ओ-३ ला २५०, आकार आटोक्यात ठेवणाऱ्या ओ-एस ला ५० आणि ओ-झेडला अवघी ५. मी ही मर्यादा वर-खाली केली, लूप उलगडण्याचे आकडे बदलले, दोन पासची अदलाबदल केली. भागाकार होता तेथेच राहिला, आणि तसेच व्हायला हवे होते, कारण दोनच्या घाताची माहितीच आयआरमध्ये नव्हती. जी गोष्ट लिहिलेलीच नाही ती कोणत्याही क्रमाने शोधली तरी सापडत नाही. येथे एक इशारा द्यायला हवा: हे अंतर्गत आकडे म्हणजे कोणी दिलेले वचन नव्हे. पुढच्या आवृत्तीत पर्यायाचे नाव बदलू शकते, अर्थही बदलू शकतो. ते प्रयोगासाठी वापरावेत, कायमच्या बांधणीत ठेवू नयेत.

प्लगिनचा सांगाडा छोटा असतो. एक ठरावीक नावाचे फंक्शन बाहेर दिसेल असे ठेवायचे. ते प्लगिनचे नाव, आवृत्ती आणि एक कॉलबॅक, म्हणजे नंतर बोलावायचे फंक्शन, परत देते. त्या कॉलबॅकच्या हाती पासबिल्डर येतो, म्हणजे ओ-१, ओ-२ वगैरे रांगा रचणारा घटक. त्याच्याकडे दोन प्रकारची नोंदणी करता येते. पहिला प्रकार नावाची नोंदणी: ऑप्टला दिलेल्या ओळीत माझ्या पासचे नाव आले तर तो कोठे आहे, हे पासबिल्डरला कळते. दुसरा प्रकार जागेची नोंदणी: तयार रांगेत काही ठिकाणी मोकळे खुंट ठेवलेले असतात आणि त्यांवर आपला पास अडकवता येतो. रांग सुरू होताना, इन्स्टकंबाइनच्या (सूचना जोडून सोप्या करणाऱ्या पासच्या) प्रत्येक फेरीनंतर, लूपची कामे संपताना, व्हेक्टरायझर (लूपच्या अनेक फेऱ्यांचे काम एका सूचनेत बसवणारा पास) सुरू होण्याआधी, सगळे आटोपल्यावर, असे हे खुंट आहेत. माझी सगळी परीक्षा या खुंटांच्या निवडीतच झाली.

त्याआधी पहिल्या दिवसाची गोष्ट सांगते, कारण या वाटेने जाणारा जवळजवळ प्रत्येक जण तेथे अडखळतो. छोटा नमुना म्हणून मी एक फाइल ओ-० पातळीवर, म्हणजे ऑप्टिमायझेशन न करता, आयआरमध्ये उतरवली, ऑप्टला माझा पास चालवायला सांगितले, आणि काहीही घडले नाही. चूक नाही, संदेश नाही, बदल नाही. अर्धा दिवस मी प्लगिन लोड होत नाही असे समजून शोधत राहिले. खरी गोष्ट अशी की क्लँग ओ-० वर प्रत्येक फंक्शनवर 'ऑप्टनन' ही खूण मारतो, आणि स्वतःला अनिवार्य म्हणवून न घेणारा प्रत्येक पास अशा फंक्शनला बगल देऊन पुढे जातो. ही खूण मारू नकोस असे क्लँगला सांगण्याचा पर्याय आहे. तो दिला की काम होते. 'डीबग-पास-मॅनेजर' हा पर्याय लावला असता तर आपला पास वगळला जात असल्याचे मला पाच मिनिटांत दिसले असते. आता मी तो पर्याय आधी लावते आणि मग विचार करते.

पहिल्या आवृत्तीत मी संरचनेच्या नावावरून ओळख पटवत होते: खान्यांच्या तक्त्याची जी संरचना आहे तिच्या अमुक क्रमांकाच्या घटकातून वाचलेली संख्या म्हणजे दोनचा घात. ही कल्पना दिसायला सोपी आणि मुळातच कच्ची होती. एलएलव्हीएममध्ये आवृत्ती १५ पासून पॉइंटरला स्वतःचा प्रकार उरला नाही. तो कोठे बोट दाखवतो एवढेच कळते, कशाकडे दाखवतो ते कळत नाही. घटकाचा पत्ता काढणाऱ्या सूचनेत संरचनेचे नाव असायचे, पण २०२४ पासून इन्स्टकंबाइन तेही पुसून नुसते 'इतके बाइट पुढे' असे लिहू लागला. त्याचे त्यात काही चुकले नाही. एकच पत्ता दहा तऱ्हांनी लिहिलेला असण्यापेक्षा एकाच तऱ्हेने लिहिलेला असावा, म्हणजे पुढच्या पासना तो सारखा आहे हे ओळखता येते. पण माझा पास इन्स्टकंबाइनच्या मागे उभा होता आणि ज्या नावाच्या आधारावर तो जगत होता ते नाव त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हते.

मग नावाचा आधार सोडला आणि मूळ कोडमध्ये त्या घटकावर एक टीप लावली. हेडर फाइलमधला एकच मॅक्रो बदलायचा होता, आणि तेवढी परवानगी मिळाली. क्लँग अशी टीप असलेल्या घटकाचा पत्ता घेतला की आयआरमध्ये एका अंतर्गत फंक्शनचा कॉल ठेवतो आणि टिपेचा मजकूर त्याला जोडतो. आता ओळख पक्की झाली, पण जागेचा प्रश्न उरलाच. मधला कॉल जितका काळ राहील तितका काळ तो इतर पासच्या पायांत येतो, म्हणून तो शक्य तितक्या लवकर काढून टाकायला हवा. म्हणजे माझा पास रांगेच्या अगदी सुरुवातीला हवा.

सुरुवातीला उभे राहिले की दुसरीच अडचण येते. तेथे आयआर कच्चा असतो. लूपच्या आधी प्रोग्रॅमरने खान्यांची संख्या एका स्थानिक चलात घेतलेली असते. त्या घडीला ते चल म्हणजे स्टॅकवरची एक जागा. तक्त्यातून संख्या वाचली आणि त्या जागेत ठेवली, पुढे लूपमध्ये ती जागा पुन्हा वाचली आणि तिच्याने भागले. भागाकारापाशी उभे राहून पाहिले तर भाजक कोठून आला याचा पत्ता नाही. टिपेपाशी उभे राहून पाहिले तर तिच्या संख्येने पुढे कोण भागणार याचा पत्ता नाही. या दोन टोकांची गाठ एसआरओए हा पास घालतो. तो स्टॅकवरच्या जागा मोडून त्यांची मूल्ये थेट वापराच्या ठिकाणी नेऊन पोहोचवतो. त्यानंतर भागाकाराचा भाजक म्हणजे तक्त्यातून वाचलेले तेच मूल्य, हे सरळ दिसते. पण तोवर टीप आणि तिचा कॉल रांगेत रखडत आलेला असतो.

उलट टोकाला, म्हणजे सगळे आटोपल्यावरच्या खुंटावर, मी एकदा पास अडकवून पाहिला. सगळे भागाकार सापडले, सगळे बदलले गेले, आणि वेग अपेक्षेच्या निम्म्यानेही वाढला नाही. कारण शोधायला 'आरपास-ॲनॅलिसिस' हा पर्याय उपयोगी पडला; तो पास स्वतःविषयी काय सांगतात ते दाखवतो. व्हेक्टरायझरने त्या लूपविषयी नोंदवले होते की खर्चाचा हिशेब पाहता व्हेक्टरीकरण फायद्याचे नाही. ते खरेच होते. एक्स-८६ प्रोसेसरना पूर्णांकांचा व्हेक्टर भागाकार करणारी सूचना नाही, त्यामुळे आठ भागाकार एकत्र करायचे तर ते सुटे करून एकेक करावे लागतात. व्हेक्टरायझरसमोर भागाकार होता, त्याने नकार दिला, तो निघून गेला, आणि त्यानंतर मी तेथे येऊन भागाकाराचा अँड केला. एव्हीएक्स-२ या व्हेक्टर-सूचनासंचावर ३२ बिटांचे आठ अँड एका सूचनेत होतात, पण तो निर्णय घेणारा तोवर पुढे गेलेला होता.

याच काळात माझ्या हातून एक मोठी चूक झाली. टीप नसलेल्या ठिकाणीही फायदा मिळावा म्हणून मी एक प्रयोग केला: भाजक दोनचा घात आहे का हे चालू प्रोग्रॅममध्येच तपासायचे, असेल तर अँड, नसेल तर भागाकार. यासाठी मूळ ब्लॉक, म्हणजे सलग चालणाऱ्या सूचनांचा तुकडा, फोडून दोन वाटा करून पुन्हा एकत्र आणाव्या लागतात. ते सगळे मी नीट केले आणि पासच्या शेवटी, आधीच्या नमुन्यातून उचललेली ओळ तशीच राहू दिली: सर्व विश्लेषणे अबाधित आहेत.

एलएलव्हीएममधील प्रत्येक पास आपल्या कामानंतर असा एक जबाब देतो. कोणता ब्लॉक कोणाच्या आधी अटळपणे येतो याचे डॉमिनेटर झाड, लूपांची यादी, मूल्यांच्या वाढीची सूत्रे ही सगळी विश्लेषणे महाग असतात, म्हणून ती एकदा करून जपून ठेवली जातात आणि पास खोडून टाकत नाही तोवर पुढचे पास त्यांवर विसंबतात. मी फंक्शनच्या वाटाच बदलल्या होत्या आणि जबाब दिला होता की काहीही बदललेले नाही. माझा पास व्यवस्थित संपला. त्याच्या पुढचाही संपला. कोसळला तो बराच पुढे लूपवर काम करणारा एक पास, आणि तोही एकाच मोठ्या फाइलवर.

मी 'ऑप्ट-बायसेक्ट-लिमिट' लावला. हा पर्याय प्रत्येक फंक्शनवर चालणाऱ्या प्रत्येक पासला क्रमांक देतो आणि सांगितलेल्या क्रमांकानंतरचे वगळतो. अर्धे-अर्धे करत गेले की दीड-दोन हजार क्रमांकांतून अकरा फेऱ्यांत दोषी क्रमांक हाती येतो. माझ्या हाती आला तो व्हेक्टरायझर. तो बंद केला तर त्याच्या मागचा पास कोसळू लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसा प्रकार चालला होता, कारण ही शोधाची पद्धत कोण पडला ते सांगते, कोणी पाडले ते सांगत नाही. आयआरची तपासणी प्रत्येक पासनंतर करायला लावली, तर आयआर निर्दोष निघाला. खोटा होता तो जबाब. शेवटी 'व्हेरिफाय-ॲनॅलिसिस-इन्व्हॅलिडेशन' हा पर्याय लावल्यावर पहिल्याच फेरीत माझ्या पासचे नाव आले: वाटा बदलल्या, पण तसे सांगितले नाही. दोन दिवस मी इतरांच्या कोडमध्ये दोष शोधत होते. तो पर्याय तेव्हापासून आमच्या चाचण्यांच्या यंत्रणेत कायमचा आहे.

दुरुस्ती म्हणून बदल झाला असेल तर काहीही अबाधित नाही, असा जबाब देता येतो आणि शंका असेल तेव्हा तोच द्यावा. फक्त त्याची किंमत मोजावी लागते: पुढच्या पासला झाड, यादी, सूत्रे सगळे नव्याने उभारावे लागते, आणि हे प्रत्येक फंक्शनसाठी होते. शेवटी मी वाटा फोडण्याचा प्रयोगच सोडून दिला, कारण लूपच्या आत आलेल्या त्या फाट्यामुळे व्हेक्टरीकरण पुन्हा अडत होते. उरलेला बदल सूचनेच्या जागी सूचना एवढाच आहे, त्यामुळे वाटांवर अवलंबून असलेली विश्लेषणे अबाधित, बाकीची नाहीत, असा नेमका जबाब आता माझा पास देतो.

जागेचा गुंता सुटला तो पासचे दोन भाग केल्यावर. पहिला भाग रांगेच्या सुरुवातीच्या खुंटावर बसतो. तो काहीही सुधारत नाही. टिपेचा कॉल शोधतो, त्या पत्त्यावरून संख्या वाचली जाते तेथे एक 'अझ्यूम', म्हणजे कंपायलरला खात्री देणारी नोंद, ठेवतो, आणि कॉल काढून टाकतो. अझ्यूममध्ये इतकेच लिहिलेले असते की या संख्येतल्या एक असलेल्या बिटांची मोजणी १ आहे, म्हणजेच ती दोनचा घात आहे. दुसरा भाग व्हेक्टरायझरच्या आधीच्या खुंटावर बसतो. तोवर इनलायनिंग झालेले असते, एसआरओएने टोके जुळवलेली असतात, आणि भाजकाचा माग थेट त्या अझ्यूमपर्यंत लागतो. तेथे भागाकाराचा अँड होतो. एक वजा करण्याची सूचना मी भागाकारापाशी न ठेवता भाजक जन्मतो त्याच्या लगेच खाली ठेवते. त्यामुळे ती आपोआप लूपच्या बाहेर राहते आणि व्हेक्टरायझरला आत फक्त अँड दिसतो. ज्या ठिकाणी गोष्ट दिसते तेथे ती लिहून ठेवायची आणि ज्या ठिकाणी ती उपयोगी पडते तेथे वापरायची. या मांडणीनंतर त्या लूपचे व्हेक्टरीकरण पहिल्यांदा झाले, आणि तो संदेश मी बराच वेळ पाहत बसले होते.

या मांडणीतही एक खाच लपलेली होती. सगळे अझ्यूम कोठे आहेत याची यादी ठेवणारे एक विश्लेषण आहे आणि त्याचा स्वभाव इतरांहून वेगळा आहे: कोणीही काहीही जबाब दिला तरी ते खोडले जात नाही. ते एकदा फंक्शन धुंडाळते आणि ती यादी धरून बसते. एकाच संख्येसाठी दुसऱ्यांदा अझ्यूम पडू नये म्हणून माझा पहिला भाग आधी ही यादी मागवत होता. मागवली, की यादी तयार झाली. त्यानंतर मी घातलेले नवे अझ्यूम त्या यादीत आलेच नाहीत. दोन्ही भाग ऑप्टच्या दोन वेगळ्या धावांत चालवले तर सगळे चोख, एकाच धावेत चालवले तर दुसऱ्या भागाला काहीच सापडत नाही, असे विचित्र चित्र दिसत होते. नवा अझ्यूम घातला की तो यादीत स्वतः नोंदवायचा असतो. एका ओळीची गोष्ट, पण ती ओळ कोणाला आठवण करून देत नाही.

चिन्हाच्या बाबतीत मात्र मी सुरुवातीपासून सावध होते, आणि ते बरे झाले. सी भाषेत उणे संख्येची बाकी उणे येते. उणे ५ ला ८ ने भागल्यावर बाकी उणे ५. उणे ५ आणि ७ यांचा अँड मात्र ३. आमच्या कोडमध्ये एका जुन्या फाइलीत हॅश संख्या चिन्हासह ठेवलेली आहे आणि तेथे उणे बाकीचा अर्थ 'ही नोंद रद्द झालेली आहे' असा आहे. तेथे आंधळेपणाने अँड केला असता तर रद्द झालेल्या नोंदी गुपचूप कोणत्या ना कोणत्या खान्यात जाऊन बसल्या असत्या आणि प्रोग्रॅम कोठेही अडखळला नसता. म्हणून माझा पास केवळ चिन्हरहित बाकीला हात लावतो, आणि चाचण्यांच्या फाइलीतली पहिली चाचणी बदल झाला हे तपासत नाही. चिन्हासहित बाकी जशीच्या तशी राहिली, हे ती तपासते.

प्लगिनच्या वापरात तीन बारकावे आणखी आहेत. प्लगिन ज्या आवृत्तीच्या एलएलव्हीएमशी बांधले त्याच आवृत्तीच्या क्लँगमध्ये चालवायचे. आतल्या सी++ रचना दर सहा महिन्यांनी हलतात. दुसरे म्हणजे प्लगिनचे स्वतःचे आदेश-पर्याय असतील तर क्लँगला 'एफपास-प्लगिन' एवढेच सांगून भागत नाही, कारण पर्याय वाचून झाल्यावर प्लगिन लोड होते आणि क्लँग त्या पर्यायांना अनोळखी म्हणून नाकारतो. त्याला ते आधी वेगळ्या पर्यायाने लोड करायला सांगावे लागते. आणि खुंटावरचा कॉलबॅक ओ-० लाही बोलावला जातो, म्हणून हाती आलेली पातळी तपासूनच पास रांगेत घालावा.

जीसीसी या दुसऱ्या मुक्त कंपायलरमध्ये हीच गोष्ट वेगळ्या रीतीने होते आणि ती रीतही मला आवडते. माझी या विषयाशी ओळख झाली तीच मुळी मुंबईच्या आयआयटीतील जीसीसी रिसोर्स सेंटरच्या, उदय खेडकर यांच्या पुढाकाराने झालेल्या कार्यशाळांच्या स्लाइड वाचून. जीसीसीची सगळी रांग एका फाइलीत ओळीने लिहिलेली असते, आणि ४.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१० पासून, प्लगिनला असे सांगता येते की अमुक नावाच्या पासच्या अमुक फेरीच्या आधी, नंतर किंवा त्याच्या जागी मला उभे करा. मोकळे खुंट शोधावे लागत नाहीत. हवी तेथे जागा मिळते. पण त्या शेजाऱ्याचे नाव बदलले किंवा त्याची फेरी कमी झाली की आपली जागाही गेली. एलएलव्हीएमचे खुंट मोजके आहेत, पण ते एखाद्या पासच्या नावाला न बांधता कामाच्या टप्प्याला बांधलेले आहेत, आणि दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती घेणाऱ्या माझ्यासारखीला तेच अधिक भरवशाचे वाटते.

अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये एक सुखद बदल झाला आहे. एखादी संख्या दोनचा घात आहे हे अझ्यूमवरून ओळखण्याची क्षमता आता एलएलव्हीएमच्या सामायिक विश्लेषणातच आली आहे, आणि भाजक दोनचा घात असल्याचे कळले की चिन्हरहित बाकीचा अँड करणे हे इन्स्टकंबाइनला आधीपासूनच येत होते. मी नव्या आवृत्तीवर पासचा दुसरा भाग बंद करून सगळ्या चाचण्या पुन्हा चालवल्या. सगळे भागाकार गेले, आणि गेले ते त्या दुसऱ्या भागाच्या जागेच्याही आधी, इनलायनर आकार मोजतो त्या टप्प्यावर, त्यामुळे दोन लहान फंक्शने जी पूर्वी इनलाइन होत नव्हती तीही होऊ लागली. दुसरा भाग मी गेल्या आठवड्यात काढून टाकला. पहिला भाग, टीप वाचून अझ्यूम लिहिणारा, नव्वदेक ओळींचा उरला आहे, आणि चिन्हासहित बाकीची चाचणी अजून पहिलीच आहे.